दोन्ही पाइपांत सत्तर

गुंडूमामा सकाळी साइटवर आले की चहाच्या आधी जमिनीला पाणी पाजायचे.

कारखान्याच्या मागच्या भिंतीलगत अर्थिंगचे खड्डे होते. एखाद्या यंत्रात बिघाड होऊन करंट त्याच्या लोखंडी अंगावर उतरला, तर माणसाच्या अंगातून न जाता त्याला सरळ जमिनीत जाता यावं म्हणून असे खड्डे करतात. आत तांब्याची पट्टी, भोवती मीठ आणि कोळसा, वर सिमेंटचा लहानसा चौकोन आणि झाकण. आतली माती वाळली की खड्डा कामाचा राहत नाही, म्हणून त्यात पाणी घालायचं. एवढं आमच्या पुस्तकातही होतं. मामा मात्र बादली ओतून झाली की खड्ड्याशेजारी उकिडवे बसायचे, कान खाली करायचे, आणि कोणी बोलायला तोंड उघडलं की डावा हात वर करायचे.

"गप. पीतीया ती."

माती पाणी पिते तेव्हा बारीक गुडगुड आवाज येतो. तो थांबला की मामा झाकण लावायचे आणि टपरीकडे वळायचे. "आधी तिला, मग मला," असं रोज म्हणायचे, जणू आम्ही ते पहिल्यांदाच ऐकतोय.

मी नेसरीजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. कोल्हापुरात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीत कुठेतरी प्रत्यक्ष काम केल्याचं सर्टिफिकेट कॉलेजला हवं होतं. विजेची कामं घेणाऱ्या एका मालकांनी मला ठेवून घेतलं. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एक नवी फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना, उभी राहत होती, तिथलं वायरिंग त्यांच्याकडे होतं. गुंडूमामा त्यांचे सगळ्यांत जुने वायरमन.

पहिल्या दिवशी मामांनी माझ्या नव्याकोऱ्या पिवळ्या टोपीकडे बघून मालकांना विचारलं, "ह्या कोन?"

"इंटर्न हायेत."

"म्हंजे काय करनार?"

"शिकणार."

"मग बरं हाय. शिकवनारी लई यिऊन गेली."

सुरुवातीला ते मला मॅडम म्हणत. मॅडममधला 'म' लांबवून. आठवड्याभरानं त्या मॅडमची 'पोरी' झाली. पण रागावले की पुन्हा मॅडम. त्यामुळे त्यांनी हाक मारली की दिवस कसा जाणार ते मला लगेच कळायचं.

बुटके, रुंद खांद्याचे. कानांवर दाट केस. शर्टाच्या खिशात एक टेस्टर आणि सुतार वापरतात ती चपटी लाल पेन्सिल. त्यांचे वडील, आजोबा सुतारकाम करायचे. "आमच्यातला रंधा सुटला, पेन्सिल ऱ्हायली," असं म्हणून ते ती पेन्सिल कानामागे खोचायचे आणि मग अर्धा तास शोधत बसायचे.

कुठल्याही धातूला ते आधी हाताची पाठ लावत. विजेचा झटका बसला की बोटं आपोआप मिटतात, तळहात लावला तर माणूस चिकटून राहतो. पाठ लावली तर हात मागे फेकला जातो. करंट बंद आहे हे टेस्टरनं स्वतः तपासल्यावरही ते हात उलटा करूनच लावत. पण ही सवय कामापुरती राहिली नव्हती. गेटची कडी, एसटीचा दांडा, स्वतःचा जेवणाचा डबा, सगळ्याला उलटा हात. एकदा टपरीवर त्यांनी चहाच्या किटलीला उलटा हात लावला तेव्हा टपरीवाला म्हणाला, "मामा, चहात करंट न्हाय."

"तुझ्या चहात काईच न्हाय," मामा म्हणाले.

वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले होते. हे ते लपवत नसत, उलट रंगवून सांगत. पेपरात विचारलं होतं, अर्थिंग म्हणजे काय. मामांनी लिहिलं, चुकलं तर मानूस मरू नये म्हणून केलेली वाट.

"पाचातलं शून्य दिलं."

"मग तिसऱ्या वेळी?" मी विचारलं.

"पाठ केलं. पाचातलं पाच मिळालं. काय लिवलंतं ते आता आठवत न्हाय."

तो परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते डब्याच्या पिशवीत ठेवत, भाकरीच्या खाली. कोणी मागायचं नाही. पण तो असायचा.

आणखी एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पॅनेलचं, म्हणजे विजेच्या त्या मोठ्या कपाटाचं, काम संपलं की मामा त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लाल पेन्सिलीनं लिहायचे. कुठली वायर, किती जाडीची, कुठून कुठं गेली, आणि शेवटी एक आडवी रेघ मारून नाव. ज्यानं ठरवलं त्याचं नाव. बहुतेक ठिकाणी ते 'गुंडू' असायचं.

"आत का लिहिता, मामा? बाहेर लिहा की, दिसेल तरी."

"भाईर मालकाचं नाव असतंय. आत आपलं. उद्या कोन तर दार उघडंल, त्येला कळाय नको, कुनाला शिव्या घालायच्या ते?"

मी तेव्हा हसले होते.

त्या दिवसांत वडील एकदा साइटवर आले. मळ्यातल्या पंपाची मोटर जळली होती, ती कोल्हापुरात भरायला, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायला, टाकून ते थेट मला भेटायला आले, खांद्यावर शेंगांचं पोतं घेऊन. मी तेव्हा फाउंड्री कंपनीच्या दोन तरुण इंजिनिअरांशी बोलत होते. एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे बायका-मुलीही 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. कॉलेजात पहिल्या आठवड्यात वर्ग हसला, तेव्हापासून मी 'आले', 'जाते' म्हणायला शिकले होते. त्या दोघांशीही मी तसंच, तोलून मापून बोलत होते. वॉचमन येऊन म्हणाला, "मॅडम, गेटवर कोन तर आल्यात. डोक्याला टॉवेल गुंडाळलाय."

मी गेटकडे पाहिलं. वडिलांनी हात वर केला.

"गावाकडचे आहेत," मी म्हणाले. "बसू देत तिथंच. येते मी."

मामा जवळच वायरी सोलत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पक्कड खाली ठेवली आणि सरळ गेटकडे गेले.

"पावणं, हितं का बसलाईसा? आत या की. पोरीचा बा तुमी, आन् फाटकात?"

त्यांना कसं कळलं, मी कधी विचारलं नाही. वडिलांचा आणि माझा चेहरा एकच आहे, गावात सगळे म्हणतात.

मामांनी वडिलांना वायरच्या ड्रमावर बसवलं, स्वतःच्या कपातला अर्धा चहा दिला आणि मग मोठं पॅनेल दाखवायला नेलं. एवढं उंच कपाट, एवढी बटणं. वडिलांनी देवळापुढे काढाव्यात तशा वहाणा काढल्या. मामा केवढ्यांदा ओरडले, "अवं पावणं, वहाना घाला! ह्यो देव अनवानी मानसाला सोडत न्हाय!"

वडील घाईनं वहाणा घालू लागले आणि दोघं पोट धरून हसले. मी लांब उभी होते. मामा म्हणाले, "हेच्यात कुटली वायर किती जाड घालायची, त्येचा हिशेब तुमची पोरगी मांडतीया."

"आमच्यात कोन शिकलं न्हाय," वडील म्हणाले. "जरा बघा तिच्याकडं."

"बघतो की."

वडील गेल्यावर मामांनी शेंगा सगळ्या गड्यांना वाटल्या. मला म्हणाले, "घ्या मॅडम. गावाकडच्या हायेत."

यानंतर दोनेक आठवड्यांनी भट्टीच्या मुख्य लाइनीचं काम निघालं. भट्टीला एवढा करंट लागणार होता की एकाच केबलमधून न्यायचा तर ती केबल वाकलीच नसती. म्हणून ट्रान्सफॉर्मरपासून पॅनेलपर्यंत जमिनीखालून दोन पाइप टाकले होते आणि दोन्हींत सारख्या केबली. अर्धा करंट इकडून, अर्धा तिकडून. दोन्हींच्या तोंडाशी ब्रेकर मात्र एकच, आठशे अँपिअरचा. काही बिघडलं तर तो पडणार आणि सगळं बंद होणार. प्रत्येक पाइपातून केबलीच्या सोबतीला एक हिरवी वायर न्यायची होती. हीच अर्थिंगची. कंपनीच्या यादीत लिहिलं होतं, हिरवी सत्तर, दोन्ही पाइपांत. सत्तर म्हणजे आतल्या तांब्याचं माप.

मालक आठवडाभर परगावी गेले होते. जाताना म्हणाले होते, "यादी एकदा तपासून बघ, काय चुकलं असंल तर."

मी तपासलं. आठशेच्या ब्रेकरला सत्तरची हिरवी वायर पुरते, हे कोष्टकात मिळालं. मग मला वाटलं, पुरते तर दोन कशाला? पाइप दोन, करंट अर्धा अर्धा, तर हिरवी वायरही अर्धी अर्धी. सत्तरचे निम्मे पस्तीस. पस्तीसची वायर बाजारात मिळतेच, आमच्या स्टोअरात एक ड्रम पडूनही होता. भागाकार इतका स्वच्छ आला की तोच मला पुरावा वाटला. आमच्या मळ्यात पाटाचं पाणी दोन सऱ्यांत सोडलं की प्रत्येक सरीला निम्मं येतं, हे तर मी लहानपणापासून बघत होते. मला एवढा आनंद झाला होता! मालक परत येतील आणि म्हणतील, बघा, शिकलेल्या पोरीनं केवढं तांबं वाचवलं. मी कागदावर सुवाच्य अक्षरात आकडेमोड केली, खाली दोन रेघा मारल्या आणि तो मामांना दिला.

मामांनी कागद लांब धरून वाचला.

"पोरी, ही बारीक हुतीया."

"नाही मामा. दोन पाइप आहेत ना. वाटून जाईल."

"लोड वाटून जातोय. फॉल्ट वाटून जात न्हाय."

"पण दोन्ही मिळून सत्तरच होतात."

"आगं, फॉल्ट हुयाचा त्यो एकाच पाइपात हुनार की. आता शेतातच बघ..."

दोघे गडी केबल खांद्यावर घेऊन उभे होते. त्यातला एक हसला. मला वाटलं, तो मलाच हसला.

"मामा, हे शेत नाही," मी म्हणाले. "हे हिशेबाचं काम आहे. तुम्ही ओढायचं तेवढं बघा."

मी हे म्हणाले. हेच शब्द. वर्षभर मी ते बदलून बघितलेत, थोडे मऊ करून, मध्ये एखादं 'प्लीज' घालून. पण मी हेच म्हणाले होते.

मामांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "बरं, मॅडम," म्हणाले. 'म' लांबवला नाही.

दुपारपर्यंत पस्तीसची वायर दोन्ही पाइपांतून ओढून झाली. मामांनी पॅनेलचं दार उघडून लिहिलं, हिरवी ३५, दोन्ही पाइपांत. पुढे आडवी रेघ मारली. आणि पेन्सिल खिशात घातली.

"मामा, नाव राहिलं."

"ऱ्हाऊ दे. ज्येचं हाय त्यो लिवंल."

माझ्या खिशात पेन होतं. मी ठरवलं, मालकांनी शाबासकी दिली की मग लिहू.

मालक आले ते कंपनीच्या मोठ्या साहेबांना घेऊनच. लाइन चालू करण्याआधीची पाहणी होती. साहेब, त्यांचा एक मदतनीस, आमचे मालक, स्टोअरकीपर, किल्ल्या घेऊन आलेला वॉचमन आणि ते दोघे गडी. सात माणसं. शिवाय मामा आणि मी.

साहेबांनी वाकून हिरव्या वायरीवरचा छापलेला आकडा वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला.

"ही पस्तीस आहे," ते शांतपणे म्हणाले. "यादीत सत्तर होती. हे कोणी ठरवलं?"

मालक गोंधळले. त्यांनी आमच्याकडे बघितलं. दोन्ही गड्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं. सर्टिफिकेट, कॉलेज, गावात वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, एवढं सगळं एकदम आडवं आलं.

"म्या वडली," मामा म्हणाले. "सत्तर दिसली न्हाय स्टोअरात. पस्तीस हाताला आली, तीच घातली. चूक झाली, सायेब."

मामांना वाटलं असणार, एवढ्यावर मिटेल. चार शिव्या बसतील. पण आमच्या धंद्यात तांबं गायब होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. मालकांचा चेहरा बदलला.

"दिसली न्हाय? सत्तरचा अख्खा ड्रम मी स्वतः उतरून घेतलाय. मामा, मी आठ दिवस हितं न्हवतो. तांबं कुठं गेलं?"

साहेबांनी चष्मा परत चढवला.

"कुठं गेलं, मामा?"

"स्टोअरात असंल," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

मालकांनी स्टोअरकीपरला बघायला पाठवलं. स्टोअर पार दुसऱ्या टोकाला. जायला यायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं आम्ही सगळे उभे होतो. साहेब घड्याळ बघत होते. मालक मामांकडे बघत होते. मामा पॅनेलच्या उघड्या दाराला उलटा हात लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे. त्यांच्या खिशातून माझ्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं. निळी शाई, माझं अक्षर. चार पावलांवरून मला ते वाचता येत होतं. मामांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पेन्सिलीनं तो कागद खिशात खाली दाबला.

मला दहा मिनिटं होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी माझ्या बुटांकडे बघत उभी राहिले.

स्टोअरकीपर धापा टाकत आला. "हाय, सायेब. ड्रम हाय. सील बी फुटलेलं न्हाय."

"बरं," मालक म्हणाले. फक्त बरं. मग, दुसरीकडे बघत, "वय झालं मामा तुमचं. एवढं निस्तरा, आन् मग थांबा आता."

दुसऱ्या दिवशी पस्तीसची वायर काढून सत्तरची ओढायची होती. मीही हातमोजे घालून रांगेत उभी राहिले. मला कोणी ये म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नाही. मामा पुढे, त्यांच्या मागे दोघे गडी, सर्वांत मागे मी. जाड वायर पाइपात वळणावर अडते, तेव्हा सगळ्यांना एकाच दमात ओढावी लागते. मामा हाळी देत होते, आम्ही ओढत होतो. दुपारी गडी जेवायला गेले. मी मामांच्या शेजारी बसले. माझ्या तळव्यांना फोड आले होते.

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि जणू मध्ये आठवडा गेलाच नाही असं अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे सुरू केलं.

"शेतात बघ. पानी दोन सऱ्यांत सोडलंस, दोन्हीत निम्मं निम्मं जातंय. बराबर हाय तुझं. पर पाटाचा बांध फुटला, तर? पानी म्हनतंय का, निम्मं हिकडनं जातो, निम्मं तिकडनं? जितं फुटलं तितनंच समदं जातंय. एका पाइपातली केबल सोलली, तर ती शेजारच्या हिरव्या वायरीलाच गाठनार. ब्रेकर एकच हाय, आठशेचा. त्यो पडंपतोर त्या एकलीनं तग धराय पायजे. ती मदीच जळली, तर पॅनेलच्या अंगावर करंट. आन् म्होरं हुबा कोन? तुझा बा आल्ता त्या दिशी, वहाना काढून."

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"मामा, तुम्ही काल..."

"जेव. दुसरा पाइप ऱ्हायलाय."

काम संपल्यावर त्यांनी दारावरची जुनी ओळ अंगठ्यानं पुसली आणि लिहिलं, हिरवी ७०, दोन्ही पाइपांत. आडवी रेघ. गुंडू. जुनी ओळ नीट पुसली गेली नव्हती. तिच्यातला ३५ आणि पुढची रिकामी रेघ अजून दिसत होती. मामांनी डब्याची पिशवी उचलली, गेटच्या कडीला उलटा हात लावला आणि गेले.

मला सर्टिफिकेट मिळालं. 'काम समाधानकारक' असा शेरा होता.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी मला विचारलं, "दोन पाइपांतून समांतर लाइन नेली, तर प्रत्येक पाइपातली अर्थिंगची वायर निम्मी करता येईल का?" मी सांगितलं, नाही, दोन्हींत पूर्ण मापाची हवी, आणि का तेही सांगितलं. पाटाचं पाणी, फुटलेला बांध, एकच ब्रेकर, सगळं. परीक्षक खुश झाले. म्हणाले, "पुस्तकात इतकं सोपं करून कुठं दिलेलं नाही. कुणी शिकवलं?"

"मीच विचार केला, सर," मी म्हणाले.

आधीचं एक वेळ भीतीनं झालं, असं म्हणता येईल. याला काय म्हणायचं, मला अजून सापडलेलं नाही.

त्या रात्रीपासून मला झोप लागेना, असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोप लागत होती. पण घरी फोन केला की वडील दर वेळी विचारायचे, "त्ये मामा बरं हायेत न्हवं?" आणि मी म्हणायचे, हो. चार-पाच महिने मी हो म्हणत होते. मग एके दिवशी मालकांच्या ऑफिसात गेले. केबिनचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. पस्तीस माझी होती. कागद माझा होता. मामांनी मला वाचवलं.

मालकांनी ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. "पण ते आता जुनं झालं गं. मामांना बी झेपत न्हवतं. डिग्री झाली की ये आमच्याकडं."

मी बाहेर पडले तेव्हा मला हलकं वाटत होतं. खरोखर हलकं. कुणीतरी सांगितलं की मामा आता पेठ वडगावला एका तेलघाण्याचं काम बघतात. त्याच आठवड्यात मी वडाप पकडून तिकडे गेले. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. पेपर सोपा गेल्यावर घरी सांगायला निघावं, तशी.

घाण्याच्या मागच्या अंगणात मामा नवा खड्डा भरत होते. हात कोपरापर्यंत काळे, शेजारी मिठाचं पोतं. थोडे वाळले होते. कानावरचे केस पांढरे झाले होते. खिशात टेस्टर आणि पेन्सिल.

"मामा, मी आलो," मी म्हणाले. कितीतरी दिवसांनी तोंडातून तसं निघालं.

"आलीस व्हय? बस की. त्या पोत्यावर नगं, भिजल्यालं हाय. बा बरा हाय न्हवं? मोटर भरून मिळाली?"

"मिळाली." मग मी एका दमात म्हणाले, "मामा, मी मालकांना सांगितलं. पस्तीस माझी होती म्हणून."

मामांनी कोळशाचा एक थर पसरला. वर मूठभर मीठ टाकलं.

"कवा?"

"सोमवारी."

"कुटं?"

"केबिनमध्ये."

ते पुन्हा कोळसा पसरू लागले. मान वर न करता म्हणाले, "तांबं कुटं गेलं म्हनून त्यांनी मला इचारलं, तवा तितं सात मान्सं हुती. तू किती जनांस्नी सांगितलंस?"

आवाजात राग नव्हता. वायरचं माप विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"एकाला," मी म्हणाले.

"हां," मामा म्हणाले. आणि बादलीकडे बोट केलं. "त्येवडी दे हिकडं."

त्यानंतर मी फाउंड्रीत गेले. दोघे गडी भेटले, त्यांना सांगितलं. त्यातला हसरा म्हणाला, "आमास्नी म्हाईतच हुतं की. तू कवा बोलतीस त्येवडंच बघत हुतो." स्टोअरकीपरला सांगितलं. वॉचमनला सांगितलं, तो मान हलवत राहिला आणि म्हणाला, "आन् मी चार जनांस्नी सांगितलंतं, म्हातारा तांबं इकतोय म्हनून." त्या चौघांची नावंही मी त्याच्याकडून लिहून घेतली. मोठे साहेब आणि त्यांचा मदतनीस दुसऱ्या कारखान्यात गेलेत, कुठल्या ते मला कळलं नाही. हे लिहिण्याचं एक कारण ते दोघे आहेत. वॉचमनच्या परवानगीनं मी पॅनेलचं दारही उघडलं. अर्धवट पुसलेल्या ३५ पुढच्या रिकाम्या रेघेवर नाव लिहिलं, सुजाता. पेननं लिहिलं, पुसता येऊ नये म्हणून.

पण मामा म्हटलं की मला अजून तेलघाण्याचं ते अंगणच दिसतं. मी बादली दिली, त्यांनी ती नव्या खड्ड्यात सावकाश ओतली आणि उकिडवे बसले. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. परीक्षकांचं सांगायचं होतं, गेटवरच्या त्या दिवसाचं सांगायचं होतं. मी म्हणाले, "मामा, अजून एक..."

त्यांनी डावा हात वर केला.

"गप. पीतीया ती."

आम्ही दोघं ऐकत राहिलो. नवी माती होती, बराच वेळ पीत होती. आवाज थांबला तेव्हा ते म्हणाले, "जा आता. शेवटची वडाप चुकंल."

जीप घाण्यामागच्या वळणावर आली तेव्हा मी मागे बघितलं. मामांनी दुसरी बादली ओतली होती. कान जमिनीकडे, डावा हात वर. तिथं बोलणारं आता कोणी नव्हतं, तरी हात तसाच वर होता.